विहिरीवर दोघांनी जायचं

दुपारचे बारा वाजत आले की विष्णुपंत गुरुजी हातातलं काम ठेवून देत. पेपर असला तर त्याची घडी घालत, शेंगा फोडत असले तर सूप बाजूला सरकवत, आणि ओट्यावरच्या खांबाला पाठ लावून बसत. मग तो आवाज येई.

डुबुक.

दोरीला बांधलेला पितळी गडू सोडत सोडत खाली न्यावा आणि तो विहिरीच्या पाण्याला टेकावा, तसा. एकदाच. मग गुरुजी वाट पाहत. गडू टेकला की पाणी किती खाली आहे ते कळायला दोरीच्या गाठी मोजायच्या आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, ही शिस्त खडकमाळच्या शाळेत त्यांनीच पोरांना लावली होती. ‘गुरुजी, बावीस गाठी!’ ‘गुरुजी, एकतीस!’ पण या आवाजामागून आकडा कधी येत नसे. चौदा वर्षं झाली. गुरुजी पाच-दहा मिनिटं थांबत आणि मग निमूटपणे पेपर उघडत.

थोरली विहीर त्यांच्या घरापासून चांगली दोन फर्लांगावर, शाळेच्याही पलीकडे. तिथला आवाज इथं येणं शक्य नाही, हे अंबिकाबाईंनी त्यांना कितीदा तरी सांगून पाहिलं होतं. नगरला नेऊन कान तपासून आणले. "कान ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "मग बिघडलंय कुठं?" असं अंबिकाबाईंनी विचारलं तेव्हा डॉक्टर हसले. गुरुजी हसले नाहीत. तेव्हापासून बाईंनी घरातला गडू माळ्यावर टाकला, आणि माठात तांब्या बुडवताना तो तिरका धरून, आवाज न करता बुडवायची सवय लावून घेतली.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी आवाज आला आणि त्यामागोमाग काही वेळानं हाकही आली.

"गुरुजी, हाय का घरात?"

विष्णुपंत खांब सोडून पुढे झाले. पायरीशी सृष्टी उभी होती. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याची, गहिनीनाथची मुलगी, चोवीस वर्षांची, बापासारखीच उंच, भुवया तर हुबेहूब त्याच्या. खांद्यावर दोरीचं वेटोळं होतं आणि त्याला पितळी गडू लोंबत होता. गडू ओला होता.

"कुठून आलीस?"

"थोरल्या हिरीवरून. सोमवार न्हाई का आज? एकोणीस गाठी भरल्या. औंदा पाऊस बरा झालाय."

"बरोबर कोण होतं?"

"कोन असनार? ज्योती हुती, तर तिचं लगीन झालं, गेली श्रीगोंद्याला. बाकीच्या बाया कांद्याच्या लागणीला. आता एकटीच उरकते."

"एकटीनं जाऊ नये," गुरुजी म्हणाले.

"आजी बी हेच म्हनती." सृष्टी हसली आणि ओट्यावर टेकली. अंबिकाबाईंनी पाण्याचा पेला आणून दिला. तो एका घोटात संपवून तिनं पिशवीतून कागद काढले.

दर सोमवारी गावातल्या अकरा विहिरी मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आकडे लिहिण्याचं काम सृष्टी चार वर्षं करत होती. सकाळ-संध्याकाळ ती दूध संकलन केंद्र सांभाळायची. कोणत्या विहिरीवर किती कांदा झेपेल, हे आता बायका तिला विचारून ठरवत. पुरुष विचारत नसत, पण फळा येता-जाता वाचत.

"जपानची ती संस्था हाय ना, बाबा गेलेली," ती म्हणाली. "म्या अर्ज केला हुता. पयल्या फेरीत नाव आलंय. आता दोन कागद पायजेत. एक ओळखीच्या मोठ्या माणसाचं पत्र. दुसरा ग्रामसभेचा ठराव, की गाव हिला पाठवतंय आनि परत आल्यावर दोन वर्षं गाव हिच्यासंगं काम करंल. तीन आठवडे हातात हायेत." कागद तिनं गुरुजींच्या मांडीवर ठेवले. "बाबांचं पत्र तुमीच लिवलं हुतं ना? माझं बी तुमीच लिवा."

गुरुजींनी कागदांकडे पाहिलं. प्रश्न तेच होते. एकसुद्धा बदलला नव्हता.

"लिहितो," ते म्हणाले. "ठेवून जा."

*

ती संस्था काही मोठं विद्यापीठ नव्हे. तिथं पदवी मिळत नाही. आफ्रिकेतल्या, आशियातल्या गरीब मुलखातली, आपापल्या गावात काहीतरी धडपडणारी माणसं निवडायची, त्यांचा सगळा खर्च करायचा, नऊ महिने एका शेतावर एकत्र ठेवायचं. सगळ्यांनी राबायचं, पाळीपाळीनं स्वयंपाक करायचा, आणि सभा कशी चालवावी, दुसऱ्याचं कसं ऐकावं, भांडण कसं मिटवावं हे शिकायचं. मग ज्यानं त्यानं आपल्या गावाला परत जायचं. अट एकच. माणूस आपल्या मनानं आलेला नको, गावानं पाठवलेला हवा.

गहिनीनाथला हे सांगितलं गुरुजींनीच. दोन हजार आठ साल होतं. चौथीत असताना गाठी मोजणारा हा पोरगा मोठेपणी पोरं जमवून ओढ्यावर बांध घालत होता. गुरुजींनी त्याला दोन वेळा हिवरे बाजार दाखवून आणलं होतं. पत्र त्यांनी एका बैठकीत लिहिलं, पण ठरावाला वेळ नव्हता. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लावावी लागते आणि हातात चारच दिवस होते.

तेव्हाच्या ग्रामसेवकानं ठरावाची वही उघडून दाखवली. आठवड्यापूर्वी पथदिव्यांसाठी सभा झाली होती, तिच्या एकशे बारा सह्या आणि अंगठे पानावर होते. सभेत आधी सह्या घ्यायच्या आणि ठराव मागाहून निवांत लिहायचा, ही तर वहिवाटच. दिव्यांच्या ठरावाखाली चार बोटं जागा मोकळी होती. "गुरुजी, तुमीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं," ग्रामसेवक म्हणाला. गुरुजींनी लिहिलं. गावाच्या भल्याचंच आहे, कोण नको म्हणणार आहे, असं त्यांना खरोखर वाटलं होतं. गहिनीनाथला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकशे बारा सह्यांचा तो कागद पाहून त्याचे डोळे भरून आले होते.

परत आला तो दुसराच गहिनीनाथ. बोलायला सावकाश, ऐकायला तयार. एक मेच्या ग्रामसभेत तो उभा राहिला. बोअर घेणं थांबवू, विहिरी मोजू, पाणी पाहून पीक ठरवू, असं म्हणाला. कुणीतरी हसलं. कुणी ‘जपानी’ म्हणून हाक मारली. तेव्हा त्यानं जपून ठेवलेला तो कागद वर धरला. "गावानं लिहून दिलंय मला. दोन वर्षं संगं काम करू म्हनून. या सह्या तुमच्याच हायेत."

कारभारीनाना ताडकन् उठले. पाच बोअरचे मालक, आवाज पहाडी. "माजी सही दिव्याच्या खांबासाठी हुती! ह्यो कंचा कागद? लबाडा, आमच्या सह्या इकून परदेशात जाऊन आला व्हय रं?"

एकच गलका झाला. गहिनीनाथ त्या गलक्यात वळला आणि त्यानं व्यासपीठावर बसलेल्या आपल्या मास्तरांकडे पाहिलं.

"गुरुजी, सांगा की."

पस्तीस वर्षांच्या वर्गांतल्या पोरांचे हजेरी क्रमांक ज्यांना पाठ होते, ते विष्णुपंत गुरुजी आपल्या चपलांकडे पाहत म्हणाले, "नीट आठवत नाही रे."

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. चौकशी लागली असती. त्या वेळी मनात आलं ते एवढंच. मग सांगू, सगळं निवळलं की सांगू, असंही आलं. पण निवळलं काहीच नाही. गहिनीनाथ एकदाही जाब विचारायला आला नाही, हे तर त्याहून वाईट झालं. तो वर्षभर दर सोमवारी दुपारी थोरल्या विहिरीवर जात राहिला, एकटा. ‘विहिरीवर दोघांनी जायचं. एकानं दोरी सोडायची, दुसऱ्यानं त्याची कंबर धरायची,’ हा गुरुजींचाच धडा होता. पण लबाडाच्या कमरेला हात लावायला गावात कुणी तयार नव्हतं.

पुढच्या एप्रिलातल्या एका सोमवारी फळ्यावर आकडा पडला नाही. संध्याकाळी विहिरीत दोर सोडावे लागले. गडूची दोरी कठड्याच्या दगडाला अडकलेली होती. पाय घसरला, असं गावानं ठरवलं. काहीजण दुसरंही काही बोलले, पण हळू आवाजात.

*

सरपंच बिभीषण दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून आला. तोही गुरुजींचाच विद्यार्थी, पाढ्यांत कच्चा, माणसांत पक्का. बसल्या बसल्या त्यानं पिशवीतून ठरावाची वही काढली.

"गुरुजी, सृष्टी आली हुती माझ्याकडं बी. पोरगी हुशार हाय, जाऊ द्या तिला. नवी सभा कशाला लावायची? ह्या बघा, नळयोजनेच्या सह्या. एकशे अठरा. खाली जागा सोडलीय." त्यानं पान उघडून समोर धरलं. "दोन ओळी तुमच्याच हातनं होऊ द्या. तुमचं अक्षर म्हंजी छापल्यावानी."

मोकळी जागा चार बोटंच होती. गुरुजींना ओट्याचा खांब गार गार लागू लागला.

"सभा लाव, बिभीषण."

"अवो, सभा लावली की कारभारीनाना उठनार. बापाचं काढनार. कागद ऱ्हाईल बाजूला अन् पोरीचं जायचं बोंबलंल. तुमाला पायजे का तसं?"

"सभा लाव. नोटीस आजच लाव."

बिभीषणानं वही मिटली. "म्हातारपनी मानूस हट्टी होतं म्हनत्यात, त्ये काय खोटं न्हाई," तो बाईंकडे पाहून म्हणाला. "काकू, तुमी तरी सांगा यांना."

"मी पन्नास वर्षं सांगतेय," अंबिकाबाई म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

तो गेल्यावर गुरुजींनी बाईंना सगळं सांगितलं. चार बोटं जागेचं, आणि ‘नीट आठवत नाही’चंही. बाई ऐकत राहिल्या. हातातली मेथीची जुडी अर्धीच निवडलेली होती.

"म्हणजे चौदा वर्षं मी माठात तांब्या तिरका बुडवतेय तो यापायी," त्या शेवटी म्हणाल्या. मग जुडी बाजूला ठेवत, "सभेआधी त्या पोरीला सांगा."

"तिला एकटीला सांगितलं तर ती माझी लाज राखेल. म्हणेल, जाऊ द्या गुरुजी. गहिनीनाथची मुलगी आहे ती." गुरुजी थांबले. "तो चारचौघांत लबाड ठरला. मिटायचं ते चारचौघांतच मिटायला हवं."

"आणि तिचं जाणं फिसकटलं तर?"

गुरुजींनी मेथीची उरलेली जुडी आपल्या पुढ्यात ओढली. त्या आठवड्यात आवाज रोज आला. एकदा तर त्यांना वाटलं, आवाजानंतर कुणीतरी श्वास घेतला, आता आकडा सांगणार. पण तो श्वास तसाच राहिला.

*

सभा शाळेच्या पटांगणात भरली. बिभीषणानं सह्यांची वही फिरवायला काढली, तेव्हा गुरुजी उठून म्हणाले, "वही नंतर. आधी माझं ऐका."

सतरंजीवर पुढे बायका होत्या. त्यांत सृष्टी, आणि तिच्या शेजारी बनुबाई, गहिनीनाथची आई. पंच्याहत्तरीची, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. पुरुष झाडाखाली. कारभारीनाना आता काठीवर आले होते, पण आवाज तोच होता. "बोला गुरुजी. तुमी बोलनार म्हंजी लई येळ लागनार. बसा रं समदे."

हशा झाला. गुरुजींना वेळ लागला नाही. आयुष्यात प्रथमच त्यांनी गोष्ट इतक्या थोडक्यात सांगितली. "दोन हजार आठचा गहिनीनाथचा ठराव खोटा होता. सह्या तुम्ही दिव्यांसाठी केल्या होत्या. खालच्या जागेत ठराव मी लिहिला, माझ्या हातानं. गहिनीनाथला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, गावानं खरंच पाठवलं. एक मेच्या सभेत त्यानं मला विचारलं, तेव्हा मला सगळं आठवत होतं. मी खोटं बोललो."

शाळेच्या पत्र्यावर चालणाऱ्या पारव्याचे पाय ऐकू येत होते.

सृष्टी उभी राहिली. "म्या धा वर्षांची हुते," ती म्हणाली. "शाळेत पोरं मला चोराची म्हनायची. ह्याच शाळेत. तुमी हेडमास्तर हुता. तुमच्याच हापिसात बसून रडले हुते म्या, गुरुजी. तुमी मला खडीसाखर दिली हुती."

"हो," गुरुजी म्हणाले. "दिली होती."

कारभारीनाना काठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे पाहत होते. लबाड हा शब्द पहिल्यांदा कुणी उच्चारला होता, ते पटांगणातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं. बिभीषणानं घसा खाकरला. "आता हे समदं झाल्यावर, ठरावाचं काय? आज ऱ्हाऊ द्यावं म्हनतो…"

"का ऱ्हाऊ द्यावं?" बनुबाई बसूनच बोलल्या. आवाज चिरका, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. "गुरुजी खोटं बोलले, त्ये आज कळलं. तुमी बाकीचे तर खरं बोलत हुता न्हवं? मग सोमवारी हिरीवर माझ्या पोराची कंबर धराया कोन गेलं? वरीसभर एकानं बी हात लावला न्हाई. म्या गेले असते, तर मलाच म्हनायचा, आई, तू म्हातारी, तूच पडशील." त्यांनी पदर सोडला. "आता पोरगी निघालीय. हात वर कराया लाजता व्हय?"

कुणाचाच हात लगेच वर झाला नाही. मग कारभारीनाना काठी टेकत उठले. सरपंचानं डोळे मिटून घेतले.

"वाचून दावा," नाना म्हणाले. "आधी ठराव लिवा, मोठ्यानं वाचा, मग सह्या. म्या कोऱ्यावर सही करनार न्हाई. त्या टायमाला केली, म्हनून झालं समदं."

मग खडकमाळच्या ग्रामसभेत कधी झालं नव्हतं ते झालं. ठराव सर्वांसमोर, एकेक ओळ वाचून, लिहिला गेला. लिहिला बिभीषणानं, वाकड्यातिकड्या अक्षरात. गुरुजींनी लेखणीला हात लावला नाही. ‘गाव तिच्यासोबत काम करील’ या ओळीवर नानांनी काठी आपटली.

"गाव म्हंजी कोन? नावं घाला. ती नऊ महिने न्हाई, तवर हिरी कोन मोजनार, त्ये बी घाला. न्हाईतर पुन्हा ह्येच."

दहा विहिरींची नावं अर्ध्या तासात मिळाली. कुणाची सून, कुणाचा भाऊ, दोन दोन. नानांनी आपल्या मळ्यातल्या विहिरीवर स्वतःचं नाव घालायला लावलं आणि म्हणाले, "दुसरं नाव माझ्या धाकल्या सुनंचं घाला. ती धरील मला. तसंही घरात धरूनच ठिवलंय तिनं." लोक हसले आणि जरा सैल झाले. पण थोरल्या विहिरीशी आल्यावर पुन्हा सगळे गप्प. तिथं दुपारी जायला माणसं चौदा वर्षं टाळत होती.

"मी जाईन," गुरुजी म्हणाले.

"एकटं?" नानांनी विचारलं.

"म्या धरीन त्यास्नी," बनुबाई म्हणाल्या.

"आजी!" सृष्टी ओरडली.

"गप. म्या काय दोरी सोडनार न्हाई. कंबर तर धरीन."

बिभीषणानं दोन्ही नावं लिहिली. हात वर झाले. सगळे नाहीत. मोजल्यावर एकशे चार भरले. पाठच्या बाजूची दहा-पंधरा माणसं हात न उचलताच उठून गेली. आधी वाचून मग सह्या झाल्या, त्याला संध्याकाळ झाली.

*

दुसऱ्या दिवशी सृष्टी ओट्याच्या पायरीशी आली. वर चढली नाही. गुरुजींनी पत्र लिहून तयार ठेवलं होतं. तीन पानं, एकही खाडाखोड नाही.

"पत्र नको," ती म्हणाली. "दूध संघाच्या मॅडमनी दिलंय. त्ये लावलंय."

"बरं."

"ठराव लावलाय. खरा हाय म्हनून." ती जायला वळली आणि पुन्हा फिरली. "बाबांनी तुमच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला न्हाई. मरंपत्तूर. मला त्याचाच राग येतोय, गुरुजी. तुमचा येतोय, त्यो येगळा."

ती निघून गेली. गुरुजींनी पत्राची घडी घातली आणि पंचांगात ठेवली.

जानेवारीत तिची निवड झाल्याचं कळलं. मार्चअखेर ती गेली. जायच्या दिवशी सकाळी अंबिकाबाईंनी दार उघडलं, तर ओट्यावर दोरीचं वेटोळं होतं आणि त्यात गडू. सोबत चिठ्ठी नव्हती. दोरीच्या गाठी मात्र नव्यानं घट्ट बांधलेल्या होत्या.

पहिल्या सोमवारी ऊन रणरणत होतं. थोरल्या विहिरीचा कठडा एका बाजूनं अजून तसाच ढासळलेला. बनुबाई गुरुजींच्या मागे, पाय रोवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी गुरुजींचा सदरा आणि धोतराची गाठ दोन्ही मुठींत घट्ट धरली.

"लई वाकू नका," त्या म्हणाल्या. "तुमी गेला तर म्या बी येनार. मागं तुमची बायकू मला शिव्या घालंल."

गुरुजींनी दोरी सोडायला सुरुवात केली. गाठी बोटांखालून जात होत्या. खाली अंधारात गडू भिंतीला लागून किणकिणत होता. मग तो आवाज आला. इतक्या वर्षांत कानांना जसा येत होता, अगदी तसाच.

डुबुक.

गुरुजी तसेच वाकलेले राहिले. मुठीतली दोरी घट्ट धरून ते वाट पाहू लागले.

"मोजा की," मागून बनुबाई म्हणाल्या.

"चौतीस," गुरुजी म्हणाले. मग मोठ्यानं, विहिरीत तोंड घालून, "चौतीस गाठी!" विहिरीनं आकडा परत दिला, एकदा, आणि पुन्हा एकदा अस्पष्ट.

गडू वर ओढून घेतल्यावर दोघं कठड्यापासून लांब, सावलीला बसली.

"बनुबाई, तुम्हाला कधी… दुपारचं… काही ऐकू येतं?"

"डुबुक व्हय?" बनुबाई पदरानं मान पुसत म्हणाल्या. "रोज येतंय."

"आणि आकडा?"

"आकडा न्हाई येत." त्या विहिरीकडे पाहत होत्या. "म्या वाट बघते."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुमी तरी कुटं बोलला?"

गावात परतल्यावर गुरुजींनी फळ्यावर तारीख घातली, चौतीस लिहिलं आणि खाली दोन नावं लिहिली, बनुबाईंचं आधी. आकडा गावातल्या कुणीतरी मोबाईलवरून सृष्टीला पाठवला. तिकडून काही उत्तर आलं की नाही, ते गुरुजींनी विचारलं नाही.

मंगळवारी बाराला ते ओट्यावर खांबाला टेकून बसले. आज विहिरीवर कुणी असायचं कारण नव्हतं. आवाज आला. गुरुजींनी मान वर केली आणि वाट पाहिली. आकडा आला नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या ओसरीत, आणखी एक माणूस या घटकेला असाच कान देऊन बसला आहे, हे आता त्यांना ठाऊक होतं. ते उठले, माळ्यावरून जुना गडू काढून आणला आणि अंबिकाबाईंसमोर ठेवला. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग तो घासला, धुतला आणि सरळ माठात बुडवला.